भलतंच काम

पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षाला असलेला विद्यार्थी फार उद्योगी असतो. प्रबंध सोडून बाकी सगळं तो मन लावून करतो. प्रयोगशाळेतली कपाटं आवरतो, विभागाच्या सहलीचा हिशेब रुपयापर्यंत जुळवतो, ज्युनिअरच्या लग्नाची पत्रिका करून देतो, एखादा तर चक्क जर्मनच्या क्लासला जायला लागतो. गाईडने ‘कुठवर आलंय?’ असं विचारलं की ‘तिसरं प्रकरण होत आलंय, सर’ असं सांगतो. तिसरं प्रकरण वर्षानुवर्षं होतच आलेलं असतं.

2001 साली अमेरिकेत, कोलोराडो विद्यापीठाच्या बोल्डर गावी, फर्नांडो पेरेझ नावाचा असाच एक विद्यार्थी होता. मूळचा कोलंबियाचा, विषय भौतिकशास्त्र. प्रबंध लिहायला बसायची वेळ आली आणि नेमकं तेव्हाच त्याच्या लक्षात आलं, की पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा चांगली आहे खरी, पण तिच्याशी बोलायची सोय फार कोरडी आहे. एक ओळ लिहायची, उत्तर घ्यायचं, संपलं. मघाशी काय विचारलं होतं आणि त्याचं काय उत्तर आलं होतं, याचं तिला काही सोयरसुतक नसे. मॅथेमॅटिका नावाच्या महागड्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक प्रश्नाला आणि उत्तराला क्रमांक मिळतो, मागचं उत्तर पुढे वापरता येतं. तसं इथे का नसावं? मग त्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला. 259 ओळींचा. आमच्याकडे प्रबंधातला ऋणनिर्देश याहून लांब असतो. प्रोग्रामचं नाव आयपायथॉन. प्रबंध टाळण्यातून हे झालं, असं पेरेझ यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितलेलं आहे. (वर एकेरी लिहिलं, ते तेव्हा तो विद्यार्थी होता म्हणून. आता ते बर्कलीला प्राध्यापक आहेत. म्हणजे प्रबंध झाला म्हणायचा. काळजी मिटली.)

त्या 259 ओळींचं पुढे ज्युपिटर झालं. ज्युपिटर म्हणजे एक वही, जिच्यात मजकूर, सूत्रं, प्रोग्राम आणि आलेख एकाखाली एक राहतात, आणि प्रोग्राम वहीतल्या वहीतच चालतो. फेब्रुवारी 2016 मध्ये गुरुत्वीय लहरी सापडल्याची बातमी आली, तेव्हा त्या टिपणाऱ्या लायगो वेधशाळेच्या शास्त्रज्ञांनी मोजमापांबरोबर अशीच एक वही सगळ्यांना खुली करून दिली. दोन कृष्णविवरांच्या टकरीचा तो लहानसा हुंकार कुणीही घरी बसून आकड्यांतून पुन्हा काढून बघावा. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोची भारतीय वेधशाळा उभी राहते आहे. तिथली मोजमापं यायला लागतील तेव्हा ती बहुधा अशाच वहीत उघडली जातील. ही वही एका माणसाने प्रबंधाचा कंटाळा आला म्हणून सुरू केली होती, हे तिथल्या एखाद्या भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही. गाईड मंडळींना दिसणार नाही अशा भिंतीवर.

मी इंजिनिअरिंगच्या मुलांना न्यूमरिकल मेथड्स शिकवते. म्हणजे जी समीकरणं हाताने सुटत नाहीत ती कॉम्प्युटरकडून आकडेमोड करून सोडवायची कशी, ते. या आकडेमोडीसाठी जगभर वापरली जाणारी साधनं कुणी कुणी आणि का लिहिली, हे वाचायचा मला नाद आहे, आणि वाचता वाचता एक संशय बळावत गेला आहे. ही बहुतेक साधनं अशा लोकांनी केली ज्यांना त्या वेळी दुसरंच काहीतरी करायचं होतं. वरिष्ठांनी नेमून दिलेलं काम बाजूला राहिलं, आणि भलतंच काम जगाच्या उपयोगी पडलं.

जॉन हंटरचंच बघा. शिकागोला मेंदूवर संशोधन करत होता. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतून टिपलेल्या विद्युतसंकेतांचा अभ्यास हे त्याचं काम. संकेत बघायचं सॉफ्टवेअर होतं, पण परवाना एकच, आणि तो एका डाँगलमध्ये. डाँगल म्हणजे कॉम्प्युटरला खुपसायची एक इवलीशी किल्ली. ती ज्याच्या हातात, तो त्या दिवसापुरता शास्त्रज्ञ. बाकीचे तंत्रज्ञ, विद्यार्थी, डॉक्टर आपापली पाळी येण्याची वाट बघत. हंटरने आधी सगळं मॅटलॅब नावाच्या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये नेलं, मग तेही पुरेना, तेव्हा पायथॉनकडे वळला. पायथॉनमध्ये मनासारखे आलेख काढायची सोय नव्हती. मग तीच करायला बसला. 2003 मध्ये मॅटप्लॉटलिब बाहेर पडलं. आज कुठल्याही विज्ञानाच्या नियतकालिकात एखादा आलेख दिसला, अक्षांवरची ती विशिष्ट घडणीची अक्षरं दिसली, की ‘हे मॅटप्लॉटलिबचं’ असं माझी मुलं लांबून सांगतात. आलेख कशाचा आहे ते मात्र जवळ जाऊनही सांगता येत नाही, ती गोष्ट वेगळी.

हंटर 2012 मध्ये कर्करोगाच्या आजारात गेला. फार लवकर गेला. त्याचं साधन दुसऱ्यांनी पुढे चालवलं, आणि त्या चालवण्यात रंगांचं एक प्रकरण झालं. ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

तापमानाचा नकाशा, ढगांची उंची, एखाद्या पत्र्यातला ताण, असं काही दाखवायचं असलं की आकड्यांना रंग द्यावे लागतात. बरीच वर्षं हे काम ‘जेट’ नावाचा रंगपट करत असे: निळ्यापासून सुरुवात, मग आकाशी, हिरवट, पिवळा, नारिंगी, शेवटी लाल. हा मॅटलॅबमधून आला, आणि मॅटलॅबकडे तो अंतराळातल्या झोताच्या एका सिम्युलेशनच्या निमित्ताने आला होता, म्हणून नाव जेट. दिसायला एकदम झकास. कुठल्याही प्रोजेक्टच्या मुखपृष्ठावर टाकला की रिपोर्टला वजन येतं. पण तो खोटं बोलतो. त्यातला पिवळा पट्टा डोळ्याला इतका उजळ दिसतो, की आकड्यांत काहीही नसलं तरी तिथे काठ आहे असं वाटतं. आकडे सावकाश चढत जातात, पण चित्रात भिंती उभ्या राहतात. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना दिसत नाही त्यांची तर पुरती पंचाईत. आणि कागदाची झेरॉक्स काढली की लाल आणि निळा दोन्ही सारखेच काळपट. म्हणजे सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत काही भेदच उरत नाही. आमच्याकडे सगळं झेरॉक्सवरच चालतं, तेव्हा कुणाचा पूल वाकतो आहे आणि कुणाचा ठणठणीत आहे ते बाईंनी ओळखून घ्यायचं.

नॅथॅनियल स्मिथ आणि स्टेफान व्हॅन डर वॉल्ट या दोघांनी यावर काम केलं. माणसाचा डोळा रंगातला फरक कसा जोखतो, याचं गणित मांडलेलं आहेच. त्या गणिताला धरून त्यांनी असा पट बांधला, की आकडा एका पायरीने वाढला तर डोळ्यालाही एकच पायरी वाढल्यासारखी वाटेल. गडद जांभळ्यापासून निळा, हिरवा, आणि शेवटी पिवळा. नाव व्हिरिडिस. 2015 मध्ये तो लोकांपुढे आला, जानेवारी 2017 मध्ये मॅटप्लॉटलिबने तोच आपोआप मिळेल अशी व्यवस्था केली, आणि कर्त्यांनी त्यावरचे सगळे हक्क सोडून दिले. मग तो सगळीकडे पसरला. मॅटलॅबनेही जेटला आधीच, 2014 मध्ये, निरोप दिलेला होता. दोन माणसं रंगांच्या मागे लागतात, त्यावर हक्क सांगत नाहीत, आणि पुढे हवामानापासून पेशींपर्यंत अर्ध्या जगाची चित्रं त्या रंगांत रंगतात. मला कौतुक वाटतं ते याचं, की झेरॉक्सचा विचार कुणीतरी केला.

भलत्या कामाचा माझा सगळ्यात लाडका नमुना मात्र काझुशिगे गोतो. हा जपानच्या पेटंट कार्यालयात नोकरीला होता. आता पेटंट कार्यालयाच्या पाण्यात काय असतं कोण जाणे. 1905 मध्ये बर्नच्या पेटंट कार्यालयातल्या एका कारकुनाने काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. गोतोने अवकाश-काळाला हात लावला नाही. तो मॅट्रिक्सच्या गुणाकाराच्या मागे लागला.

मॅट्रिक्सचा गुणाकार आपण बारावीत हाताने केलेला असतो. आडवी ओळ, उभा स्तंभ, जोडी जोडीने गुणा, बेरीज करा, आणि शेवटी कुठेतरी वजाचं चिन्ह विसरा. हवामानाचा अंदाज असो की विमानाचा पंख, मोठ्या आकडेमोडीचा पुष्कळ वेळ अखेर याच गुणाकारात जातो. यातली गोम अशी, की प्रोसेसर गुणाकार पटापट करतो, पण आकडे मेमरीतून त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. तो बिचारा रिकामा बसून राहतो. गोतोने मॅट्रिक्सचे असे तुकडे पाडले, की ते प्रोसेसरच्या अगदी जवळच्या छोट्या मेमरीत नेमके मावतील, आणि आत आणलेला आकडा पुरता वापरून झाल्याशिवाय बाहेर जाणार नाही. हे सगळं त्याने असेम्ब्ली या थेट प्रोसेसरच्या भाषेत, हाताने, एकेका प्रोसेसरचा स्वभाव ओळखून लिहिलं. मोठमोठे कंपायलर त्याच्या वेगाच्या जवळपासही येईनात. जगातल्या अतिवेगवान यंत्रांपैकी काहींवर पेटंट कार्यालयातल्या या माणसाचा गुणाकार चालायला लागला. पुढे तो अमेरिकेत गेला, मोठ्या कंपन्यांत गेला, त्याचं लिखाण थांबलं, तेव्हा चीनमधल्या काही तरुणांनी तेच उचलून ओपनब्लास केलं. आज आमच्या प्रयोगशाळेतला मुलगा पायथॉनमध्ये नमपाय हे आकडेमोडीचं साधन टाकतो तेव्हा बहुतेक वेळा ओपनब्लासही मुकाट्याने बरोबर येतं. त्या गुणाकाराचं मूळ टोकियोच्या एका सरकारी कचेरीपर्यंत जातं, हे त्याला कुणी सांगत नाही. मी सांगते. तो ‘हो मॅडम’ म्हणतो आणि हजेरीचं विचारतो.

शिक्षकांनीही या भलत्या कामात हातभार लावलेला आहे, हे सांगताना थोडी कॉलर ताठ होते. क्लीव्ह मोलर न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकवत असत. मॅट्रिक्सच्या आकडेमोडीसाठी आयस्पॅक आणि लिनपॅक अशी फोरट्रान भाषेतली दोन उत्तम भांडारं तयार होती, पण मुलांना ती वापरायची तर आधी फोरट्रान लिहा, कंपाईल करा, चुका काढा, पुन्हा कंपाईल करा. मुलं मॅट्रिक्सपर्यंत पोचायचीच नाहीत. म्हणून सत्तरच्या दशकाच्या अखेरीला मोलर यांनी मुलांपुरतं एक सोपं साधन केलं. तेच मॅटलॅब. पहिलं मॅटलॅब फुकट वाटलं जाई. 1984 मध्ये कंपनी झाली आणि पुढे आमच्या कॉलेजच्या बजेटमध्ये त्याचा एक स्वतंत्र आणि दुःखद रकाना झाला. मॅटलॅबमध्ये ‘व्हाय’ अशी एक आज्ञा आहे. ‘का?’ असं विचारलं की ते मनाला येईल ते काहीतरी गमतीशीर उत्तर देतं. वर्गातल्या पुष्कळ प्रश्नांना शिक्षकही हेच करतात, फक्त त्याला आज्ञा लागत नाही.

ऑक्टेव्ह या साधनाचीही तीच कथा. रासायनिक अभियांत्रिकीच्या मुलांचा वेळ रिॲक्टर समजून घेण्याऐवजी फोरट्रानशी झटापट करण्यात जातो, म्हणून जॉन ईटन यांनी 1992 च्या सुमारास ते लिहायला घेतलं. नाव दिलं आपले प्राध्यापक ऑक्टेव्ह लेव्हनस्पील यांचं. पाकिटाच्या पाठीवर झटक्यात अंदाज काढून देण्यात या सरांचा हातखंडा होता. विद्यार्थ्याने शिक्षकाचं नाव साऱ्या जगाच्या कॉम्प्युटरवर नेऊन बसवलं. आमच्याकडेही विद्यार्थी शिक्षकांना नावं ठेवतात. तो प्रकार वेगळा.

आमच्याकडचा विषय निघालाच आहे, तर एकमेकांचे प्रोग्राम वापरण्याची परंपरा महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. ती सबमिशनच्या आठवड्यात जन्माला आली. टर्बो सीचा तो निळा पडदा आठवा. न्यूटन-रॅफसन, गाऊस एलिमिनेशन, रुंगे-कुट्टा. हे प्रोग्राम कुणी लिहिले ते कुणालाच माहीत नाही. ते सिनियरच्या फ्लॉपीतून येत, सिनियरला त्याच्या सिनियरकडून आलेले असत. प्रत्येकाने एखादी ओळ वाढवलेली, एखाद्या व्हेरिएबलला त्या वर्षी वर्गात जिची चर्चा होती तिचं नाव दिलेलं. खरं लोकवाङ्मय. सुरुवातीला पडदा पुसायला ‘क्लर-स्क्रीन’, शेवटी ‘गेट-सीएच’. पुढे विंडोज आलं, टर्बो सी जगातून गेलं, पण आमच्या प्रयोगशाळांतून गेलं नाही. ते चालवायला मुलांनी जुन्या डॉसचा आभास निर्माण करणारं आणखी एक सॉफ्टवेअर शोधून काढलं. एक्स्टर्नल विचारायचे, ‘हे शेवटी गेट-सीएच कशासाठी?’ मुलगा सांगायचा, ‘सर, ते असतंच.’ उत्तराचा पडदा लगेच नाहीसा होऊ नये, एखादी की दाबेपर्यंत थांबावा, एवढंच त्याचं काम. पण ‘ते असतंच’ हेही काही चुकीचं उत्तर नव्हे. परंपरेचं समर्थन आपण दुसरं कसं करतो?

या फ्लॉपी-परंपरेत एक उणीव होती. वाटायचे सगळे, तपासायचं कुणी नाही. जे एका वर्षी चुकलं ते पुढच्या दहा तुकड्यांच्या जर्नलमध्ये इमानाने उतरायचं, आणि त्यावर लाल शाईने ‘गुड’ असा शेरा पडायचा. म्हणून भलत्या कामाचं कितीही कौतुक केलं तरी ज्यांनी हे काम नेमून दिलेलं काम म्हणून, नियमाने केलं त्या मंडळींपुढे मान लववावी लागते. 1955 मध्ये लॉस एंजेलिसच्या आसपास आयबीएमची यंत्रं वापरणाऱ्या विमान-कंपन्या वगैरे मंडळींच्या लक्षात आलं, की वर्गमूळ काढायचा तोच प्रोग्राम प्रत्येकजण आपल्या घरी नव्याने लिहितो आहे. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या या लोकांनी मग ‘शेअर’ नावाचा संघ काढला आणि प्रोग्राम एकमेकांना द्यायला लागले. वर आलेलं आयस्पॅक तर नुसतं लिहून सोडलेलं नाही. विल्किन्सन आणि राइन्श यांच्या अल्गोल भाषेतल्या पद्धती शिकागोजवळच्या आरगॉन प्रयोगशाळेत फोरट्रानमध्ये आणल्या, मग वेगवेगळ्या ठिकाणच्या वेगवेगळ्या यंत्रांवर चालवून, ताडून बघितल्या, आणि मगच वाटल्या.

आणि मग 1985 चं नेटलिब. जॅक डोंगारा आणि एरिक ग्रोस यांनी केलेलं प्रोग्रामांचं भांडार. त्या काळी इंटरनेट आजच्यासारखं नव्हतं, टपालासारखी ई-मेल होती. एका ठराविक पत्त्यावर ‘सेंड इंडेक्स’ एवढंच लिहून पाठवायचं, की यंत्र स्वतःच पत्र वाचून यादी पाठवी. यादीतलं हवं ते नाव कळवलं, की तो प्रोग्राम ई-मेलने दारात हजर. अर्ज नाही, विभागप्रमुखांची सही नाही, ‘साहेब जेवायला गेलेत’ नाही. रात्री मागितलं तरी मिळे, कारण देणारा झोपत नसे. एका ‘नो ड्यूज’ फॉर्मवर सही मिळवायला तीन मजले चढणाऱ्या मुलांना ही हकीकत सांगितली की त्यांचे डोळे पाणावतात. यातल्या प्रोग्रामांची नावं मात्र अगदी कोरडी. फोरट्रानमध्ये नाव सहा अक्षरांत बसवावं लागे, म्हणून मॅट्रिक्सच्या गुणाकाराचं नाव ‘डीजेम’, समीकरणं सोडवणाऱ्याचं ‘डीजीईएसव्ही’. डोंगारांना या सगळ्यासाठी 2021 चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. उशिरा मिळालं, असं माझं मत.

आमच्याकडे या वळणाचं एक काम आयआयटी मुंबईत झालं आहे. तिथल्या फॉसी प्रकल्पात, प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांच्या पुढाकाराने, मुलांना सांगितलं गेलं: एक पाठ्यपुस्तक निवडा, त्यातली सगळी सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये लिहा, तपासून घ्या, आणि सगळ्यांना खुली करा. त्याबद्दल मानधनही मिळे. सायलॅब हे फ्रान्समध्ये जन्मलेलं, मॅटलॅबच्या वळणाचं पण फुकट साधन. देशभरातल्या मुलांनी शेकडो पुस्तकं अशी उतरवून काढली. म्हणजे तीच सबमिशनवाली मुलं, पण आता फ्लॉपी चोरून द्यायची नाही, उजळ माथ्याने, नावानिशी द्यायची. ही उदाहरणं चाळायला मला एखाद्या कादंबरीपेक्षा जास्त मजा येते, ती त्यातल्या टिपांमुळे. गणित बरोबर केलेलं असतं आणि खाली मुलाने शांतपणे लिहिलेलं असतं: पुस्तकात दिलेलं उत्तर चुकीचं आहे. वर्षानुवर्षं ज्या उत्तराशी जुळावं म्हणून मुलांनी आपल्या बरोबर आकड्यांत खाडाखोड केली असेल, त्या उत्तराला सांगलीच्या किंवा कोइमतूरच्या कुणी एकाने इतक्या सभ्यपणे खाली बसवलेलं बघून मन भरून येतं. काहीजण ‘राउंड-ऑफमुळे फरक’ अशी पळवाट लेखकाला देतात. संस्कार म्हणतात ते हेच.

भलत्या कामात एक फसगत असते, ती करणाऱ्याच्या उशिरा ध्यानात येते. आपण गंमत म्हणून केलेली गोष्ट लोकांनी वापरायला सुरुवात केली, की ती नेमून दिलेलं काम होते. फक्त कुणी पगार देत नाही. ट्रॅव्हिस ऑलिफंट 2005 च्या सुमारास ब्रिगहॅम यंग विद्यापीठात नवे प्राध्यापक होते. पायथॉनमध्ये आकड्यांच्या मांडणीसाठी न्यूमरिक आणि नमअरे अशी दोन साधनं होती आणि वापरणाऱ्यांचे दोन तट पडले होते. एका गावात दोन गणपती बसले की वर्गणी कुणाला द्यायची हा जसा पेच पडतो, तसं झालं होतं. ऑलिफंट यांनी दोन्ही मोडून एक नमपाय केलं. नोकरीत कायम व्हायच्या वर्षांत शोधनिबंध मोजतात, मिटवलेली भांडणं मोजत नाहीत, हे ठाऊक असूनही केलं. खर्च भरून निघावा म्हणून नमपायचं माहितीपुस्तक त्यांनी विकायला ठेवलं: ठराविक रक्कम जमेपर्यंत किंवा ठराविक मुदत सरेपर्यंत विकत, नंतर सगळ्यांना फुकट. नमपाय 1.0 आलं 2006 मध्ये. जगभरच्या प्रयोगशाळा त्यावर उभ्या राहिल्या. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या तीस दुर्बिणी आकाशातून जे टिपतात त्याची छाननी करणारेही पायथॉनवाचून आज फारसे राहिलेले नाहीत. पण नमपायच्या कामासाठी म्हणून खास पैसा पहिल्यांदा मिळाला तो 2017 मध्ये. मधली वर्षं लोकांनी रात्री आणि रविवारी ढकलली.

आणि वर तक्रारी. नवी आवृत्ती आली की जुनं काहीतरी बंद पडतं, बंद पडलं की जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात उद्या कुणाचं तरी सबमिशन असतं, आणि तो मनुष्य रात्री दोन वाजता ‘अर्जंट’ असं लिहून त्या अनोळखी माणसाला पत्र धाडतो. शेवटी ‘लवकरात लवकर’. ज्याला एक पैसा दिलेला नाही त्याच्यावर इतक्या हक्काने रागवायचं, हे आपल्याकडे फक्त घरच्या माणसांच्या वाट्याला येतं. त्या अर्थाने ही सगळी मंडळी आमच्या घरचीच.

आभारही कधीमधी मिळतात. 19 एप्रिल 2021 ला इंजेन्युइटी हे चिमुकलं हेलिकॉप्टर मंगळावर उडालं. त्या उड्डाणाच्या कामी आलेल्या खुल्या साधनांत ज्यांनी ज्यांनी हात लावला होता अशा जवळपास 12,000 जणांच्या, गिटहब या खुले प्रोग्राम ठेवायच्या संकेतस्थळावरच्या, खात्यावर एक बिल्ला लावण्यात आला. मॅटप्लॉटलिबवाले, नमपायवाले त्यात होते. त्यातल्या पुष्कळांना बिल्ला दिसेपर्यंत आपलं काही मंगळावर गेलं आहे याचा पत्ताच नव्हता. कुणी एखादा स्वल्पविराम दुरुस्त केलेला होता, तोही मंगळवासी झाला.

या सगळ्या भलत्या कामांचा मूळपुरुष मात्र डोनाल्ड क्नूथ. 1977 मध्ये त्यांच्या कॉम्प्युटर प्रोग्रामिंगवरच्या महाग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती छापायची होती. प्रुफं आली. जुनी खिळ्यांची छपाई जाऊन नवी तंत्रं आलेली, सूत्रं इतकी विद्रूप दिसत होती की त्यांना बघवेना. आपल्याकडे लेखक प्रकाशकाला चार शब्द सुनावतो आणि प्रुफं परत करतो. क्नूथ यांनी लेखन बाजूला ठेवलं आणि अक्षरं सुंदर छापणारी सगळी व्यवस्थाच स्वतः करायला घेतली. रजेच्या वर्षात होऊन जाईल असा अंदाज होता. दहा-एक वर्षं लागली. ती टेक. गणिताचा जवळजवळ प्रत्येक शोधनिबंध आज तिच्यात किंवा तिच्यावर बेतलेल्या लेटेकमध्ये लिहिला जातो. नव्वदीच्या सुरुवातीला, मराठी फाँटची बोंब होती तेव्हा, नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या फ्रान्स वेल्टहाउस यांनी तिच्यात देवनागरीची सोय केली. साध्या इंग्रजी की-बोर्डवर आधी टिंब देऊन ‘टी-एच’ लिहिलं की छापताना ठ उमटे. जोडाक्षरंसुद्धा नीट. गणितात देवनागरीची इतकी काळजी एका डच माणसाने घेतली.

टेकमध्ये चूक दाखवून देणाऱ्याला क्नूथ बक्षीस देत, आणि त्यांच्या पुस्तकातल्या चुकीला 2.56 डॉलर. 256 सेंट म्हणजे सोळाच्या पायातला एक डॉलर, असा त्यांचा हिशेब. लोक चेक वटवत नसत, फ्रेम करून भिंतीवर लावत. टेकच्या आवृत्तीचा क्रमांक दरवेळी पायच्या एकेक आकड्याने पुढे सरकतो: 2021 मध्ये तो 3.141592653 वर आला. आपल्या मृत्यूनंतर तो नेमका पाय करावा आणि उरलेल्या चुकांना चुका म्हणू नये, वैशिष्ट्यं म्हणावं, असं त्यांनी सांगून ठेवलं आहे. माझ्या विद्यार्थ्यांना ही कल्पना इतकी आवडली की ते ती जिवंतपणीच राबवतात. चुका तपासायची पुढची बैठक क्नूथ यांनी 2029 साठी मुक्रर केली आहे. तेव्हा ते 91 वर्षांचे असतील. ज्या ग्रंथासाठी हा सगळा खटाटोप झाला, त्याच्या चौथ्या खंडाचा दुसरा भाग 2022 मध्ये आला, पुढचा भाग चालू आहे. होत आलाय, म्हणतात.